दागिन्याचे माप

ईस्टरचा सण पार पडला की आमच्या खानापूर तालुक्यातील गावांत लग्नांची घाई सुरू होते. प्रायश्चित्तकाळात सहसा लग्ने लागत नाहीत. त्यामुळे खोळंबलेली सारी लग्ने एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत, पावसाच्या आधी, उरकावी लागतात. या दिवसांत बेळगावच्या सराफाकडे जाणारी मंडळी मला बरोबर घेऊन जातात, असा एक प्रघात आमच्या नातलगांत पडला आहे. मला सोन्याची पारख आहे अशातला भाग नाही. तीस वर्षे शाळेत मुलींना शिवणकाम शिकविले, त्यामुळे माप घेण्याची सवय हाताला लागली आहे, एवढेच. परंतु या निमित्ताने जे पाहिले त्यावरून माझे एक मत बनले आहे. सोन्याचा भाव, कस, घडणावळ, नक्षी यांविषयी आमचे लोक चार दुकाने पालथी घालून चौकशी करतात. आणि ज्या बोटावर ती अंगठी जन्मभर राहावयाची, त्या बोटाचे माप मात्र उभ्या उभ्या दोन मिनिटांत उरकून टाकतात.

इतर दागिन्यांचे एक असते. हार सणापुरता गळ्यात येतो आणि पुन्हा पेटीत जातो. लग्नाची अंगठी तशी नाही. ती वेदीपुढे एकदा बोटात गेली की धुणी, भांडी, शेण, माती, पीठ, बाळाची लंगोटी या सर्वांतून त्या हाताबरोबर जाणार. म्हणून तिचे माप घेताना केवळ बोट पाहून भागत नाही. ते बोट कोणत्या कामाचे आहे, हेही पाहावे लागते.

आता बोटाविषयी थोडे. आपले बोट दिवसभर एकाच जाडीचे असते असे बहुतेकांना वाटते. ते तसे नसते. उन्हात, चुलीपुढे, लांबच्या चालण्यानंतर ते फुगते. थंडीत आणि गार पाण्यात ते आक्रसते. सकाळी उठल्याबरोबर ते एक असते, सायंकाळी दुसरे. उजव्या हाताने काम करणाऱ्याचे उजवे बोट डाव्यापेक्षा बहुधा किंचित जाड असते. तेव्हा डाव्या हातात घालावयाच्या अंगठीचे माप उजव्या हाताचे देऊन चालत नाही. आमच्याकडे साखरपुडा पुष्कळदा जानेवारीत होतो. सकाळच्या गारठ्यात मंडळी पहिली बस पकडून शहरात जातात, गारठलेल्या बोटाचे माप देऊन येतात, आणि लग्न लागते मे महिन्याच्या भर दुपारी, गर्दीने तापलेल्या चर्चमध्ये. मग वराने अंगठी सरकवावी आणि ती मधल्या सांध्यावर अडून बसावी, यात नवल ते काय? दुसऱ्या बाकावरच्या आत्याबाई मात्र तेवढ्यावरून शकुन-अपशकुन काढावयास तयारच असतात. त्यांना मी एवढेच सांगते की हा उन्हाळ्याचा गुण आहे, नशिबाचा नव्हे.

माप घेण्याची रीत सोपी आहे, आणि घरी करण्याजोगी आहे. सुतळी किंवा लोकर घेऊ नये. ती ताणली जाते. चार-पाच मिलिमीटर रुंदीची कागदाची पट्टी कापावी, अनामिकेच्या मुळाशी गुंडाळावी, जेथे टोक येऊन मिळते तेथे शाईची खूण करावी, आणि पट्टी सरळ करून फूटपट्टीवर मोजावी. मग तशीच दुसरी पट्टी मधल्या सांध्याभोवती गुंडाळावी. हे दुसरे माप विसरले की सारा घोटाळा होतो. नाजूक हाताच्या मुलीत या दोन मापांत फरक थोडा असतो. पण जिने दहा वर्षे रोपलावणी केली आहे, कुऱ्हाड चालविली आहे, तिचा सांधा मुळापेक्षा बराच मोठा निघतो. अशा बोटाला मुळाचे माप दिले तर अंगठी चढत नाही, आणि सांध्याचे दिले तर ती मुळाशी गरगर फिरते. दोहोंच्या मधले माप धरावे. अंगठी सांध्यावरून जाताना जराशी अडावी, किंचित फिरवून आत जावी, आणि हात खाली सोडून झटकला तरी निसटू नये. हे सारे सायंकाळी, हात स्वस्थ असताना करावे, आणि दोन-तीन दिवस पुन्हा करून पाहावे. एका दिवसाच्या मापावर माझा विश्वास नाही, शिवणातही नव्हता.

आपल्या देशात सोनार जो अंक सांगतो, तो काही गूढ नाही. अंगठीचा आतला परीघ मिलिमीटरमध्ये मोजावा आणि त्यातून चाळीस वजा करावेत, म्हणजे जवळपास तो अंक येतो. बोटाचे माप ५२ मिलिमीटर भरले तर अंगठी बारा नंबरची, ५४ भरले तर चौदाची. अंगठीची पट्टी रुंद असेल, म्हणजे सहा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, तर एक अंक मोठा घ्यावा. कारण रुंद पट्टी बोटाचा अधिक भाग आवळते. हे ज्याला ठाऊक नसते तो अरुंद कडीवर माप देतो आणि रुंद अंगठी घेऊन घरी येतो.

हल्ली एक नवी अडचण उभी राहिली आहे. मुलगा परदेशात नोकरीला असतो आणि बोटाचे माप फोनवरून कळवितो. गतवर्षी आमच्या भावकीतील एका नवरदेवाने केवळ ‘सात’ एवढेच कळविले. तो सात अमेरिकेच्या पद्धतीचा होता. आपल्याकडे तो चौदाच्या आसपास येतो. आपल्या सात नंबरची अंगठी म्हणजे परीघ अवघा ४७ मिलिमीटर, एखाद्या कोवळ्या मुलीच्या करंगळीची! सराफाने ती घडवावयास घेण्यापूर्वी शंका काढली म्हणून निभावले. इंग्लंडात तर अंकांऐवजी अक्षरे वापरतात. तेव्हा अंक कळवूच नये; आतला परीघ किती मिलिमीटर, तेवढेच कळवावे. आंतरराष्ट्रीय पद्धतीतही तोच परीघ माप म्हणून धरलेला आहे, आणि मिलिमीटर सगळीकडे सारखाच असतो.

आमच्या वडीलधाऱ्यांचा एक हट्ट मला कधीच पटला नाही. ‘अंगठी थोडी सैलच घ्या, पोरगी उद्या अंगाने भरेल.’ झग्याच्या बाबतीत हे ठीक आहे. झग्याला टिपा घालता येतात. सैल अंगठीला मग सुरू होते दोऱ्याचे वेटाळे. तळहाताच्या बाजूने दोरा गुंडाळून घट्ट केलेल्या अंगठ्या मी कितीतरी हातांत पाहिल्या आहेत. त्या दोऱ्यात साबण अडकतो, कणीक अडकते, ओल राहते, आणि त्याखालची कातडी पांढरी पडून खाजू लागते. आजारातून उठलेल्या किंवा बाळंतपणानंतर उतरलेल्या बाईने दोन महिने दोरा बांधला तर समजू शकते. तो वीस वर्षे बांधून ठेवणे म्हणजे सोनाराचे काम दोऱ्याकडून करून घेणे होय. आणि भरेल म्हणून घेतलेली अंगठी भरण्याआधी विहिरीत पडते, हे वेगळेच.

बोट खरोखरच भरले, तर अंगठी वाढविता येते. थोडी वाढवावयाची असेल तर सोनार ती निमुळत्या लोखंडी दांड्यावर चढवून ताणतो. अधिक वाढवावयाची असेल तर कापून, मध्ये सोन्याचा तुकडा घालून, डाख देऊन जोडतो. लहान करावयाची असेल तर तुकडा काढून टोके जुळवितो. साध्या, बिनखड्याच्या अंगठीला यात काही बाध येत नाही. सभोवार खडे बसविलेली अंगठी मात्र अशी कापता-जोडता येत नाही. म्हणून जिला जन्मभर घालावयाची आहे तिने अशा अंगठीच्या मोहात पडू नये. आणखी एक. २०२१ सालापासून पुष्कळ जिल्ह्यांत हॉलमार्कची सक्ती आली आहे, आणि त्या खुणा अंगठीच्या आतल्या बाजूस उमटविलेल्या असतात. कापण्यापूर्वी त्या खुणांची जागा सोनाराला दाखवून ठेवावी.

कापण्यावरून आठवले, ते सविस्तर सांगण्याजोगे आहे.

माझ्या सासूबाईंचे लग्न १९५८ साली झाले. त्या काळच्या विधीप्रमाणे वेदीपुढे एकाच अंगठीवर आशीर्वाद मागितला जाई, आणि ती वराने वधूच्या बोटात घालावयाची. वधूवरांनी परस्परांना अंगठ्या घालण्याचा भाग १९६९ च्या नव्या विधीने आला. तेव्हा त्या घरात लग्नाची अशी एकच अंगठी होती. सासऱ्यांना अंगठी नव्हतीच. सासूबाईंनी ती जवळजवळ अर्धशतक हातातून काढली नाही. भाताचे तरवे उपटले, राखेने भांडी घासली, सात मुले वाढविली. त्या गेल्यावर अंगठी थोरल्या वन्संकडे आली. वरची बाजू होती तशीच होती. पण तळहाताकडील बाजू खुरप्याच्या आणि कोयत्याच्या मुठीवर घासून घासून अशी पातळ झाली होती की नखाने वाकेल असे वाटे.

वन्संच्या मुलीचे लग्न ठरले, तेव्हा तिने आजीची हीच अंगठी घालावी असे मायलेकी दोघींनी ठरविले. मला आनंद झाला. मी कागदाची पट्टी घेऊन बसले. सासूबाईंची अंगठी भरली एकोणीस नंबरची. नातीचे बोट बारा. ती मुलगी शहरात कचेरीत काम करते. तिच्या हाताला खुरपे ठाऊक नाही, त्यात तिचा दोष नाही. म्हणजे अंगठीतून सात मिलिमीटर तुकडा काढणे आले. सोनार म्हणाला, “बाई, कापायचे तर हा पातळ झालेला भागच कापला पाहिजे. त्याला डाख धरायचा नाही. धरला तरी वर्षभरात तुटेल.” कारागिरीच्या दृष्टीने तो बरोबर होता. परंतु वन्संच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. “तेवढेच तर आईचे आहे,” त्या म्हणाल्या. “वरची बाजू काय, दुकानातून आली तशीच आहे.”

यावर कोणाजवळ उत्तर नव्हते, सोनाराजवळही नाही. कापूच नये, दोरा बांधून घालू, असा एक विचार निघाला. सात अंकांचा फरक दोऱ्याने भरून निघत नाही. मुलीने आठ दिवस घालून पाहिली, आणि अंगठी तांदूळ धुताना दोनदा पातेल्यात सापडली. आतून सोन्याचे दोन बारीक मणी बसविण्याची एक युक्ती असते. तिने अंगठी फिरत नाही, पण ती एखाददुसऱ्या अंकाच्या फरकालाच पुरते. साखळीत ओवून गळ्यात घालावी, असे कोणी सुचविले. मुलगी म्हणाली, “मावशी, आजीने ती गळ्यात घातली नव्हती.” एकदा आशीर्वादित झालेली अंगठी कापावी की नाही, हीही शंका वन्संच्या मनात होती. त्यांनी धर्मगुरूंना विचारले. ते म्हणाले की लग्नविधीत अंगठ्यांवर आशीर्वाद पुन्हा मागितला जातोच. मनात किंतु ठेवू नये.

शेवटी कापली. सोनाराने वन्संना समोर बसवून घेतले, पातळ भागाचा सात मिलिमीटर तुकडा काढला, टोके जुळवून डाख दिला आणि अंगठी दांड्यावर चढवून गोल केली. काढलेला तुकडा तराजूत घातला तेव्हा दीड गुंज भरला. शहाण्णव गुंजांचा तोळा. म्हणजे त्या सोन्याची किंमत ती काय! रिवाजाप्रमाणे सोनार तो मजुरीत वळता करून घेऊ शकला असता. त्याने तो गुलाबी कागदाच्या पुडीत बांधून वन्संच्या हातात ठेवला. ती पुडी त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे, आणि अंगठी मुलीच्या बोटात आहे. मला विचाराल तर, पेटीत जपून ठेवलेल्या अखंड अंगठीपेक्षा मला हे बरे वाटते. पण वन्सं अद्याप त्या पुडीला हात लावू देत नाहीत, आणि मीही तो विषय काढीत नाही.

जाता जाता कसाविषयी एक शब्द. बावीस कॅरटचे सोने मऊ असते. त्याची बारीक अंगठी कामाच्या हातात दबून लंबगोल होते, आणि मग माप बरोबर असूनही ती टोचते. १९६३ च्या जानेवारीत सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली, तेव्हा लोकांनी फार नाके मुरडली. ते नियंत्रण पुढे १९९० साली उठले. पण चौदा किंवा अठरा कॅरटची अंगठी आपला गोल आकार अधिक टिकविते, हे खरेच आहे. शेतात राबणाऱ्या हाताने निदान अठराचा विचार करावा, असे माझे मत आहे. सासवांना ते सहसा आवडत नाही.

बांगडीचे गणित मात्र अगदी निराळे, कारण ती मनगटावर राहते पण तेथे पोहोचण्यासाठी तिला सारा हात ओलांडावा लागतो. म्हणून मनगट मोजून उपयोग नाही. अंगठा तळहातात मिटून, हात चिंचोळा करून, पेरांच्या सर्वांत रुंद जागी पट्टी गुंडाळावी. कासाराचे ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’ म्हणजे दोन इंच आणि वर सोळा भागांतील चार किंवा सहा भाग, हा बांगडीचा आतला व्यास. जुन्या बाया ‘सव्वादोन’ आणि ‘अडीच’ म्हणतात, ते दोन-चार आणि दोन-आठच. शाळेत मुलींना मी याचे एक सोपे कोष्टक पाठ करून घेत असे: हाताचा घेर अठरा सेंटिमीटर तर दोन-चार, एकोणीस तर दोन-सहा, वीस तर दोन-आठ, दर सेंटिमीटरला एक पायरी. काचेची बांगडी हाताबरोबर घट्ट चालते, कारण कासारीण साबण लावून, हात दाबून, ती कौशल्याने चढविते. सोन्याच्या पाटल्या रोज काढावयाच्या असतील तर एक पायरी मोठ्या घ्याव्यात. फिरकीच्या असतील तर मनगटाचे माप चालते.

गोव्यातील आमच्या नातलगांत लग्नाआधी मामाच्या घरी चुडा भरण्याची चाल आहे. तेथे हिरव्या चुड्याचे माप कोणी कागदावर घेत नाही. चुडा भरणारा मुलीचा हात आपल्या हातात घेतो, दोनदा दाबून पाहतो, आणि टोपलीतून नेमकी बांगडी काढतो. त्या हातापुढे माझ्या पट्टीची काय मातब्बरी! पण असे हात आता थोडे राहिले आहेत.

आता नवरदेवांसाठी दोन शब्द. ते हे पान वाचीत नाहीत, म्हणून त्यांच्या बायकांनी वाचून दाखवावे. बेळगावच्या कारखान्यांत लेथवर, ओतकामात आमची पुष्कळ मुले आहेत. गावोगावी मळणीयंत्रे आणि कडबा कापण्याची यंत्रे आली आहेत. फिरत्या यंत्रात अंगठी अडकली तर ती बोट घेऊन जाते. अशा वेळी घट्ट अंगठीही धोक्याची आणि सैलही धोक्याची. तेथे योग्य माप एकच, ते म्हणजे अंगठी घरी ठेवणे. ‘लग्नाची अंगठी काढू नये’ म्हणून कामावर ती घालून जाणारा एक तरुण मला ठाऊक आहे. त्याच्या डाव्या हाताला आज चार बोटे आहेत. कामावर जाताना काढून खिळ्याला अडकविलेली अंगठी संध्याकाळी पुन्हा बोटात घालता येते.

अंगठी बोटात रुतली तर घाबरून ओढू नये. हात काही वेळ उंच धरावा, गार पाण्यात बुडवावा, साबण लावावा. तेवढ्याने न निघाल्यास दोऱ्याचे एक टोक अंगठीखालून सरकवून मागे घ्यावे, आणि उरलेला दोरा अंगठीला लागून सांध्यापलीकडे जवळजवळ घट्ट गुंडाळावा. मग मागचे टोक धरून तो उलगडत नेला की अंगठी त्याबरोबर फिरत पुढे येते. बोट निळसर किंवा बधिर झाले असेल तर या खटाटोपात वेळ न घालविता दवाखान्यात जाऊन ती कापून घ्यावी. कापलेले सोने पुन्हा जोडता येते. गरोदर बाईच्या बोटाला सूज दिसू लागली की अंगठी आधीच उतरवून ठेवावी. प्रसूतीच्या घाईत ती शोधण्यासारखी वस्तू नव्हे. आणि हातापायांवर किंवा चेहऱ्यावर सूज एकाएकी चढली तर अंगठीचे राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा.

बाप्तिस्म्याच्या वेळी तान्ह्याला मिळणाऱ्या अंगठ्या आणि साखळ्या यांविषयी मी कठोर आहे. फोटो निघेपर्यंत घालाव्यात आणि काढून ठेवाव्यात. अंगठी बाळाच्या तोंडात जाते, साखळी पाळण्याच्या दोरीत अडकते. देणाऱ्याला वाईट वाटते खरे, वाटू द्यावे.

माझ्याजवळ शाळेच्या दिवसांपासूनची एक वही आहे. तीत पूर्वी झंपरांची मापे असत. आता घरातील सर्वांच्या बोटांची आणि हातांची मापे आहेत, प्रत्येकापुढे तारीख आणि महिना. धाकट्या सुनेचे बोट लग्नात तेरा होते, पहिल्या बाळंतपणानंतर पंधरा झाले आणि तेथेच राहिले. थोरलीचे बारा वर्षांत बदलले नाही. माझे स्वतःचे सांधे आता सुजू लागले आहेत. अनामिकेच्या मुळाचे माप सोळा आणि सांध्याचे एकोणीस. गेल्या आठवड्यात अंगठी उतरविण्यास साबण लागला. पाऊस सुरू होण्यापूर्वी बेळगावला जाऊन ती दोन अंकांनी वाढवून घ्यावयाची आहे.